जुन्या ट्रॅक सायकलला सुटे भाग जुळवताय? आधी आटे तपासा, मग पाना लावा

भंगाराच्या दुकानात किंवा एखाद्या जुन्या सायकलपटूच्या माळ्यावर ट्रॅक सायकलची स्टीलची फ्रेम कधी कधी हाती लागते. वरून गंज असला तरी नळ्या सरळ असतील आणि जोडांना तडा नसेल, तर तिच्यावर चांगली सायकल उभी राहते. मूळ कंपनीचे सगळे भाग मात्र मिळत नाहीत. मग एक भाग इटालियन, एक जपानी, एक तालुक्याच्या दुकानातला, अशी मोट बांधावी लागते. त्यात वावगं काही नाही. फक्त तीन ठिकाणी जुगाड चालत नाही.

फ्रेम ओळखायची कशी?

पुण्यात बालेवाडीला आहे तशा व्हेलोड्रोमवर पळणारी ही सायकल. तिला गिअर नसतात, ब्रेक नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतं तोवर पॅडल फिरतंच. मागच्या चाकाच्या खाचा मागच्या बाजूला उघड्या असतात आणि त्यांच्यातलं अंतर बहुतेक १२० मिमी असतं. गावातल्या साध्या सायकलचं २८ इंची चाक हिला चालत नाही. त्या रिमचं माप ६३५ मिमी, तर रेसिंगच्या ७०० सी रिमचं ६२२ मिमी. शिवाय जाड टायरला या फ्रेममध्ये जागाच नसते.

पहिली जागा : क्रँकचे कप

ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये कपाची नळी ६८ मिमी रुंद असते आणि उजव्या कपाचे आटे उलटे असतात. इटालियन फ्रेममध्ये ती ७० मिमी असते आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे. हे न बघता हातोडा-छिन्नी चालवली तर आटे झिजतात आणि फ्रेम कायमची वाया जाते. ग्रीस लावल्यावर कप हातानेच दोन-तीन फेरे सहज आत गेला पाहिजे. अडला तर माप चुकलं, असं समजून थांबावं.

सीटच्या दांड्याचंही तसंच. २७.२ च्या जागी २६.८ मिमीचा दांडा घालून पत्र्याची पट्टी कोंबली, तर नळीचं तोंड दबतं.

दुसरी जागा : मागचा हब

खरा धोका इथे आहे. ट्रॅक हबवर दातेरी चकती सुलट्या आट्यांवर बसते आणि तिच्यावर उलट्या आट्यांचं लॉकरिंग आवळलं जातं. वेग कमी करताना पायाने मागे जोर दिला की चकती सुटायला बघते, लॉकरिंग तिला धरून ठेवतं. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर नुसती चकती आवळली, किंवा फ्रीव्हीललाच वेल्डिंग मारलं, तर उतारावर ती निसटते आणि सायकल थांबवायचं साधनच हातातून जातं. पैसे वाचवायचे तर हँडल, सीट, पॅडलवर वाचवावेत, हबवर नाही.

चेनचा खर्च मात्र वाचतो. साध्या सायकलची १/८ इंची चेन इथे चालते. पुढची आणि मागची चकती एका रेषेत आहे ना, तेवढं बघावं.

तिसरी जागा : पुढचा ब्रेक

रस्त्यावर चालवायची असेल तर पुढचा ब्रेक हवाच. ट्रॅकच्या चिमट्याला ब्रेकचं भोक नसतं. अशा वेळी त्याच लांबीचा, त्याच आट्यांचा, भोक असलेला चिमटा शोधून बसवावा आणि मूळचा जपून ठेवावा.

गिअरचा हिशेब सोपा आहे. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं. सायकल सुमारे ६.३ मीटर पुढे जाते. चढाच्या रस्त्याला हे जड पडतं. नवख्याने ४६-१८ पासून सुरुवात केली तर गुडघ्यांवर ताण कमी येतो.

सगळं जुळलं तरी पहिली फेरी मोकळ्या मैदानातच मारावी. परत आल्यावर लॉकरिंग, क्रँक आणि चाकाचे नट पुन्हा एकदा आवळावेत. मगच रस्त्यावर उतरावं.