प्रोजेक्टचं प्लॅनिंग: आधी माइंड मॅप, मग कॅलेंडर

कॉलेजचा प्रोजेक्ट मिळाला की बरेच जण थेट गूगल कॅलेंडर उघडतात. मी आधी एक्समाइंडसारख्या ॲपमध्ये माइंड मॅप काढतो. मधोमध विषय, त्याच्या फांद्या म्हणजे मोठे भाग आणि फांद्यांच्या टोकाला छोटी कामं. काय काय करायचंय हे एका नजरेत दिसतं. पण कोणतं काम आधी आणि किती दिवसांचं, हे मॅप सांगत नाही. तिथे कॅलेंडर लागतं.

मग दोन्ही जोडायचं कसं?

१. फक्त टोकाची कामं उचला. ‘माहिती गोळा करणं’ ही फांदी झाली. ‘प्रश्नावली बनवणं’ हे काम.
२. प्रत्येक कामापुढे लागणारे दिवस लिहा. ते कोणत्या कामानंतर सुरू होईल, तेही लिहा.
३. सबमिशनच्या तारखेपासून उलटं मोजत कॅलेंडर भरा.

समजा, सबमिशन १ एप्रिलला आहे. प्रश्नावली ३ दिवस, सर्व्हे १०, रिपोर्ट ७, प्रिंट-बाइंडिंग २. एकूण २२ दिवस. म्हणजे १० मार्चला सुरुवात हवीच, आणि तीही एकही दिवस वाया न घालवता! म्हणून मी ४ दिवस जादा धरून ६ मार्चलाच सुरू करतो.

एक लक्षात ठेवा. सर्व्हे लांबला तर कॅलेंडरमधल्या पुढच्या तारखा आपोआप सरकत नाहीत, हाताने बदलाव्या लागतात. कामं एकमेकांवर फारच अवलंबून असतील तर गँट चार्टचं ॲप वापरा. आणि नवीन काम सुचलं, तर आधी मॅपमध्ये टाका, मगच त्याला तारीख द्या.