‘केस’ या शब्दाची व्याप्ती आणि नोकरीचा अर्ज

यवतमाळलगतच्या लोहारा येथे औद्योगिक वसाहत आहे. अशा गावी नोकरी शोधणाऱ्या एखाद्या तरुणाविषयी ‘त्याच्यावर केस आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा तक्रार, अटक, खटला आणि शिक्षा या चार भिन्न अवस्था एकाच शब्दात सामावतात. बोलभाषेत ही संदिग्धता खपून जाते. शासकीय सेवेच्या साक्षांकन नमुन्यात मात्र तिच्यापायी उपजीविका जाऊ शकते. तेथे अटक, खटला व दोषसिद्धी यांविषयी पृथक् विचारणा असते. निर्दोष सुटलेला उमेदवार ‘आता केस नाही’ या समजुतीने अटकेच्या प्रश्नासही ‘नाही’ असे उत्तर देतो, आणि माहिती दडविल्याचा ठपका त्याच्यावर येतो.

अवतार सिंग विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याविषयीची तत्त्वे निश्चित केली. माहिती खरी असली पाहिजे. परंतु प्रश्नही मोघम असता कामा नये, आणि जे नेमके विचारले असेल तेवढेच सांगण्याचे बंधन उमेदवारावर आहे. तरुणपणी घोषणा दिल्यासारखे क्षुल्लक प्रकरण दडविले गेले असल्यास नियोक्ता ते क्षम्य मानू शकतो. मात्र सर्व खरे सांगितल्यानेही नियुक्तीचा हक्क प्राप्त होत नाही. पूर्ववृत्त विचारात घेण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतोच.

वकिलीच्या सनदेचा नियम याहून रेखीव आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४-क नुसार नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल दोषी ठरलेल्यास सनद मिळत नाही. परंतु सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपुष्टात येते. येथे अट दोषसिद्धीची आहे, अटकेची नव्हे. आणि तिला मुदतही आहे.

हा भेद किती मोलाचा आहे, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याकडे पाहिले म्हणजे कळते. त्या कायद्याने संपूर्ण जमातीच ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित करता येत. व्यक्तीची दोषसिद्धी आवश्यक नव्हती. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परंतु पारध्यांसारख्या समाजांभोवतीचा संशय सरला नाही. जेथे संशयावरूनच अटक होते, तेथे अटकेला अपराधाचा पर्याय मानणे म्हणजे रद्द झालेला कायदा अर्जाच्या एका रकान्यात जिवंत ठेवणे होय.