हतनूरचा गाळ आणि हिमालयापलीकडचे पाहुणे

माघ सरत आला की जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाचे पाणी काठापासून मागे हटू लागते आणि पक्षी पाहणाऱ्यांचे दिवस सुरू होतात. तापी आणि पूर्णा यांचा संगम धरणाच्या वरच्या अंगाला, चांगदेवाच्या प्राचीन मंदिरापाशी आहे. पावसाळ्यात पूर्णा काळी माती घेऊन येते. ती येथेच साचते. धरणाला एक्केचाळीस दरवाजे असूनही हा गाळ हटत नाही. अभियंत्यांच्या दृष्टीने तो साठवण खाणारा शत्रू. पाखरांना मात्र त्याच गाळाने घोटाभर पाण्याचे विस्तीर्ण ताट वाढून ठेवले आहे. भारतातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचे नाव आले ते या उथळपणामुळेच, असे म्हणण्यास हरकत नाही.

सकाळचे धुके विरळ होताच प्रथम नजरेत भरतात ते चक्रवाक. नारिंगी-तांबूस अंगाची ही जोडी काठावर उभी असते. रात्री जोडीदारांची ताटातूट होते हा कविसंकेत. प्रत्यक्षात दोघे सहसा एकमेकांना सोडत नाहीत. दिगंबर परंपरेत पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ यांचे लांछन चकवा, म्हणजे हाच पक्षी. मूर्तीच्या पीठावर पाहिलेला चकवा मुलांना येथे जिवंत दाखवता येतो.

थापट्या बदके आपली पसरट चोच पाण्यात फिरवीत सूक्ष्म जीव गाळून घेतात. तलवार बदके शेपटी वर करून तळ चाचपतात. उन्हे चढल्यावर पट्टकादंब दिसतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. दिवसा ते मोकळ्या काठावर विसावतात आणि तिन्हीसांजेला चरायला बाहेर पडतात. हरभऱ्या-गव्हाच्या कोवळ्या पात्यांवर त्यांची चोच चालते तेव्हा शेतकऱ्याला त्यांचे कौतुक कसे वाटावे?

मार्चमध्ये हे पाहुणे उत्तरेकडे निघतात. नदी सुरय मात्र येथलाच. पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावर, उघड्या वाळूत तो अंडी घालतो. पाणी फार लवकर उतरले तर बेट काठाला जोडले जाते. कुत्री, गुरे आणि छायाचित्र काढणारी माणसेही तेथवर चालत पोहोचतात. मातकट, ठिपकेदार अंडे पायाखाली आल्याशिवाय दिसतही नाही. म्हणून जाणकार निरीक्षक दुर्बीण काठावरच रोवतात आणि मार्चनंतर त्या बेटांकडे पाऊल टाकीत नाहीत.