यंग इंडियाच्या रेकॉर्डी

संपादकांनी पनवेलच्या गावठाणातल्या एका संग्राहक काकांकडे पाठवलं ते नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी पाहायला. माझी नजर अडकली ‘यंग इंडिया’ या लेबलावर.

मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं हे लेबल १९३५ ते १९५५ चाललं. तेवढ्यात सुमारे दहा हजार ध्वनिमुद्रणं झाली. नाव गांधीजींच्या साप्ताहिकाचं, समोर एचएमव्हीचा कुत्रा! मातब्बर गवई बहुतेक तिकडे, म्हणून यांनी नवखे, हौशी गळे शोधले. त्यांतले काही पुढे नावारूपाला आले.

मला त्यांचा कारखाना जास्त भावला. कलकत्त्याचे हिंदुस्थान, मेगाफोन हे देशी लेबलवाले रेकॉर्डी छापून घ्यायचे एचएमव्हीच्याच डमडमच्या कारखान्यात. यंग इंडिया स्वतः छापायची. गाणं मेणाच्या जाड चकतीवर कोरायचं, त्यावर तांब्याचा थर चढवून उलटा ठसा घ्यायचा, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा. लाख, दगडाची पूड आणि काजळीचा गरम लगदा अशा दोन ठशांमध्ये दाबला की दहा इंची रेकॉर्ड तयार. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ख्याल गाणाऱ्याने आलापी करायची कधी? ती दगडाची पूड लोखंडी पिन झिजवते आणि झिजलेली पिन खाच खाते. म्हणून काका दर बाजूला नवी पिन लावतात. कंजुषी चालत नाही.

डमडमला छापलेल्या कितीतरी गाण्यांच्या पुढे एलपी, कॅसेटी निघाल्या. यंग इंडियाचा कारखाना मिटला आणि तिची बहुतेक गाणी लाखेतच राहिली. स्वावलंबनाची ही किंमत मला फार वाटते. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या सुरेश चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने त्यांचं डिजिटायझेशन हाती घेतलं, तेव्हा भिस्त होती विखुरलेल्या संग्राहकांवर. पनवेलच्या पावसाळ्यात लेबलांवर बुरशी धरते. ती स्पिरिटने पुसायची सोय नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे साठ वर्षांचा. म्हणजे १९५५ची रेकॉर्डही २०१६ पासून त्यातून मोकळी, कवी-संगीतकारांचे हक्क तेवढे वेगळे. तेव्हा कंपनीची परवानगी कुणाला मागायची नाही. हवी फक्त वाजण्याजोगी प्रत, आणि काकांच्या फडताळातल्या बऱ्याच प्रतींना कडेपासून तडा गेलाय.