शाईची रेघ आणि जांभा दगड

पेडण्याच्या श्रीभगवतीच्या मंदिराच्या द्वाराशी दोहों बाजूंस जे दोन दगडी हत्ती उभे आहेत, त्यांचे चित्र पेन्सिलीने काढणाराजवळ सोंडेचे वळण चुकल्यास खोडावयास रबर असते. परंतु तेच चित्र जो शाईच्या पेनाने काढावयास बसतो, त्याला पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या हत्तीकडे पुरता वेळ पाहत राहणे भाग पडते, कारण कागदावर उतरलेली शाई मागे घेता येत नाही. पुष्कळांना ही या साधनाची उणीव वाटते. माझ्या मते मात्र या छंदाचे सारे सामर्थ्य ह्याच एका अटीत आहे. गंडस्थळापासून सोंडेच्या टोकापर्यंतची रेघ एका दमात ओढावयाची, तर ती कोठून निघते, कोठे भरते आणि कोठे विसावते, याचा निवाडा आधी डोळ्यांनी करावा लागतो. हाताकडे केवळ त्याची अंमलबजावणी असते. रेघ चुकलीच, तर तिच्या शेजारी दुसरी, अधिक बरोबर रेघ ओढून पुढे जावे. अशा जोडरेघांनी चित्रात जो जिवंतपणा येतो, तो खोडून गुळगुळीत केलेल्या चित्रात क्वचितच आढळतो.

ही शिस्त आपल्या मुलखाला नवी नव्हे. पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले आणि 'नव्या काबिजादी'त मोडू लागले. त्यापूर्वी व त्यानंतरही या भागातील व्यवहार ज्या मोडी लिपीत चालत असे, ती हात न उचलता लिहावयाची लिपी होती, आणि काजळ व डिंक यांच्या शाईत बोरू बुडवून ती लिहिणारा कारकून एकदा उमटलेले अक्षर फिरवीत बसत नसे. फरक इतकाच, की बोरू घडोघडी दौतीत बुडवावा लागतो आणि तितका वेळ चित्रकाराची नजर विषयावरून हटते. वॉटरमन याने १८८४ साली अमेरिकेत ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्याने ही अडचण दूर केली. पेनाच्या निबेखाली जी जीभ असते, तिच्यावरील केसासारख्या बारीक खोबणीतून शाई निबेच्या चिरेत उतरते, आणि जितकी शाई बाहेर पडते, तितकीच हवा आत शिरते. ही देवघेव अखंड चालू राहिली, तर रेघही अखंड चालते. मराठी घरांत या पेनाबरोबर दांडेकरांच्या कॅम्लिनचे नाव आले. १९३१ साली मुंबईत सुरू झालेल्या या कारखान्याचा आरंभ शाईच्या भुकटीने व वड्यांनी झाला होता, हे आज अनेकांना ठाऊक नसेल.

शाईची निवड ही मात्र सावधपणे करावयाची बाब आहे. बाटलीवर 'ड्रॉइंग इंक' असे लिहिलेली, काजळी व लाख यांनी युक्त शाई टाकासाठी उत्तम. पण ती पेनात भरली, तर लाख वाळून जिभेच्या खोबणी बुजतात आणि पेन निकामी होते. पेनाची नेहमीची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो पाण्याने पुन्हा पसरतो, आणि चित्रकाराने या दोषाचाच गुण करून घ्यावा.

डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ, ज्याचा शिवछत्रपतींनी १६६८ साली जीर्णोद्धार करविला, या प्रयोगास फार अनुकूल आहे. समोरील दीपस्तंभाची बाह्यरेषा आधी काळ्यानिळ्या शाईने ओढून घ्यावी. उजेडाच्या बाजूस चुन्याचा गिलावा कोराच राहू द्यावा. आणि मग पाण्याने भिजविलेला कुंचला सावलीकडील रेघेवरून एकदाच, न घासता, फिरवावा. रेघ किंचित सुटते, तिच्यातील निळसर छटा पाण्याबरोबर बाहेर येते, आणि स्तंभाला क्षणार्धात गोलाई प्राप्त होते. कुंचला दुसऱ्यांदा फिरविला, की हीच छटा मळकट होते; म्हणून येथेही हात आवरता घेणे आले.

हरवळ्याच्या लेण्यांत पाण्याचे काम नाही. जांभ्या दगडात कोरलेल्या त्या दालनांतील अंधार आडव्याउभ्या रेघांच्या जाळ्याने विणावा लागतो. जाळे जितके दाट, तितका काळोख गडद. आणि मधाच्या पोळ्याप्रमाणे छिद्रे पडलेला जांभा तर शाईसाठीच निर्माण झाला असावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. छिद्र न् छिद्र काढावयाचे नसते. सावलीच्या कडेशी पाचसहा ठिपके व तुटक रेघा टाकल्या, की उरलेला दगड पाहणाराची नजर आपसूक पुरा करते.

किती थोडक्या रेघांत गोवा उभा राहतो, हे पाहावयाचे असल्यास मारिओ मिरांडा यांच्या रोजनिशा पाहाव्यात. १९२६ साली जन्मलेल्या आणि लोटलीच्या घरात वाढलेल्या या कलावंताने तरुण वयात गावातील लग्ने, मिरवणुका, शेजारीपाजारी यांचा रोजचा वृत्तांत चित्रांतून टिपून ठेवला. त्या रोजनिशा पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. गोव्यातच जन्मलेले दीनानाथ दलाल हे रंगांसाठी ख्यात असले, तरी मराठी पुस्तकांतील त्यांची रेखाचित्रे नवशिक्याने भिंग घेऊन अभ्यासावीत.

आता कागदासंबंधी. पावसाळ्यात गोव्याची हवा इतकी दमट होते, की चांगला कागदही ओल धरतो आणि त्यावर शाई फुटू लागते. कागदाला दिलेली खळ शाईला तंतूंत शिरू देत नाही. ओलीने तिचे बळ कमी होते. दौलताबादेजवळच्या कागझीपुऱ्यातील कारागीर कागद दगडाने घोटून चकचकीत करीत, ते लेखणी अडखळू नये व शाई फुटू नये यासाठीच. आज वही घेताना वजनदार, गुळगुळीत कागदाची घ्यावी, आषाढ-श्रावणात ती डब्यात बंद ठेवावी, आणि मागच्या पानावर एक रेघ ओढून पाहिल्यावाचून चित्रास हात घालू नये.

पेन मात्र महागाचे हवे, असे मुळीच नाही. शाळकरी मुलांचे बारीक निबेचे पेन आरंभास पुरते. तेच उलटे धरले, म्हणजे निबेच्या पाठीने, आणखी बारीक रेघ येते आणि मंदिराच्या कौलांच्या ओळींना ती उपयोगी पडते. जपानमध्ये टोक वर वळविलेली निबही करतात. तिने पेन उभे धरले तर बारीक व आडवे धरले तर कुंचल्यासारखी रुंद रेघ मिळते. शाई बदलताना पेन साध्या पाण्याने, पाणी निर्मळ येईपर्यंत धुवावे व रात्रभर निथळू द्यावे. गरम पाणी मात्र वापरू नये, त्याने जुन्या पेनांचे भाग वाकडे होतात.