आस, गाठ आणि फेरफार

वसईच्या पाचूबंदरात किंवा अर्नाळ्याच्या पुळणीवर वाळत घातलेले डोल जाळे ज्याने एकदा तरी निरखून पाहिले असेल, त्याच्या ध्यानात ही गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल, की त्या जाळ्याचे आस, म्हणजे विणीतली भोके, सर्वत्र सारखे नसतात. मुखाशी ते ऐसपैस असतात, आणि शेपटाकडे जावे तसतसे आखडत जाऊन अखेरच्या पिशवीत इतके दाट होतात, की जवळ्यासारखा कणभर जीवही त्यांतून निसटू नये. मुखाशी तेवढीच दाट वीण घातली असती, तर सूत आणि श्रम यांचा अपव्यय झाला असता तो वेगळाच, पण प्रवाहाच्या ओढीला ते जाळे टिकणेही दुरापास्त झाले असते. जिथे काही हाती लागायचे आहे तिथे वीण दाट आणि इतरत्र विरळ, हा जो व्यवहार कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्यालाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणिती अभियंत्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा दिली. आणि त्या शास्त्राच्या एका उपेक्षित अंगाचा, म्हणजे गणित चालू असतानाच बदलत जाणारी जाळी डोळ्यांना दाखवावी कशी या प्रश्नाचा, आढावा घेण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

या शास्त्रास फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. मराठीत तिला सांत घटक पद्धती म्हणता येईल. पुलाची तुळई, धरणाची भिंत, खाडीतले पाणी, अशा कोणत्याही अखंड वस्तूचे वर्तन सर्वत्र एकदम सोडविणे बहुधा अशक्य असते. म्हणून तिचे त्रिकोण वा चौकोन अशा लहान तुकड्यांत विभाजन करावे, प्रत्येक तुकड्यात उत्तराचे स्वरूप साधे, सरळ उताराचे मानावे, आणि तुकडे जिथे एकमेकांना भेटतात त्या गाठींवर सर्वांची उत्तरे जुळवून घ्यावीत, हे या पद्धतीचे सार. रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्रिकोणांची ही कल्पना मांडली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी १९५६ साली विमानांच्या सांगाड्यासाठी तशीच रीत घडविली, आणि क्लफने १९६० साली तिला आजचे नाव दिले.

प्रदेश त्रिकोणांत विभागून कह्यात आणण्याची युक्ती मात्र आपल्या देशाला याहून जुनी. १८०२ सालच्या एप्रिलात विल्यम लॅम्टनने मद्रासेजवळ पायारेषा मोजण्यास आरंभ केला, त्यातून पुढे हिंदुस्थानचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण उभे राहिले. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून, त्या त्रिकोणांखाली पुढे जी भूमी यायची होती ती कंपनीच्या कह्यात जाण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु सर्वेक्षकाने डोंगरमाथ्यावर बांधलेली खूण जागची हलत नसे; संगणकातली गाठ हलते, दुभंगते, प्रसंगी नाहीशीही होते.

असे फेरफार गणिताला का करावे लागतात, हे समजण्यास वसई-विरारची भूमीच पुरेशी आहे. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदी जिच्यातून समुद्राला मिळते ती वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, आणि मध्ये खाजण, मिठागरे आणि भातखाचरे यांची ती सखल पट्टी, जिच्या बऱ्याचशा भागावर आता इमारती उभ्या आहेत. खारभूमीच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिची झडप आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. डोंगरावरून येणारा लोंढा आणि मोठी भरती एकाच प्रहरी आली, की झडप मिटलेली राहते आणि आतले पाणी आतच चढत जाते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकल गाड्या खोळंबल्या आणि मिठागरांच्या वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली, तेव्हा हे साऱ्या मुंबई परिसराने पाहिले. त्यानंतर वसई-विरार शहर महानगरपालिकेने निरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि मुंबईची आयआयटी या दोघींकडे कारणमीमांसेचे काम सोपविले.

याच जातीच्या प्रश्नावर आयआयटीतील शहापुरे, एल्ढो आणि राव यांनी त्याआधी नवी मुंबईतील कळंबोलीसाठी सांत घटक पद्धतीने पुराचे गणित मांडून ते २०१० साली प्रसिद्ध केले होते. भरती असेतो पाणी पोटात ठेवणारा आणि ओहोटीला ते सोडून देणारा धारण तलाव हा तिथला महत्त्वाचा विषय. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत, जिचा आरंभ १९१६ सालचा, बंदरांच्या विस्तीर्ण प्रतिकृतींत खरे पाणी खेळवून भरती-ओहोटीचा अभ्यास होत आला. त्याच्या जोडीला आता फ्रान्सच्या वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या टेलेमॅकसारख्या आज्ञावलींची गणिती खाडी आली आहे. या गणिती खाडीत त्रिकोण सामान्यतः जागचे हलत नाहीत, परंतु त्यांतला कोणता ओला आणि कोणता कोरडा हे दर क्षणाला बदलते. म्हणजे जाळी तीच, तिचा अर्थ निराळा. चित्रकाराने केसाएवढ्या जाडीची पाण्याची सायही निळी रंगविली, तर कोरडे अंगण बुडालेले दिसते, आणि हात-दीड हात खोलीखालचे सारे वगळले, तर बुडालेले अंगण कोरडे दिसते. म्हणून किती खोलीपासून ओले धरले, हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात छापलेला नसेल, तर तो नकाशा कितीही देखणा असला तरी अपुराच समजावा.

जिथे जाळी खरोखरच बदलते, तिथल्या फेरफारांच्या तीन जाती आहेत, आणि त्या समजावून सांगण्यास आपल्या महसुली दप्तराइतकी योग्य परिभाषा दुसरी नाही.

पहिल्या जातीत गाठी सरकतात, पण शेजार तोच राहतो. हद्दीचे दगड हलले, खातेदार तेच. ओझ्याने वाकणारी तुळई ही या जातीची. कोण कोणाचा शेजारी ही नोंद एकदाच ठेवावी आणि दर क्षणाला फक्त गाठींचे सरकणे टिपावे, एवढ्यावर काम भागते. येथला धोका अतिशयोक्तीचा: खरे वाकणे डोळ्याला दिसत नाही, म्हणून चित्रात ते शंभर-दोनशे पट वाढवून दाखवितात, आणि तो गुणक लिहावयाचा राहिला तर धडधाकट पूल पाहणाऱ्याच्या मनात कोसळून पडतो.

दुसरी जात पोटहिश्शांची. आपल्या उत्तरात चूक कोठे किती असेल, याचा अंदाज त्या उत्तरावरूनच बांधता येतो, हे इव्हो बाबुश्का आणि वेर्नर राइनबोल्ट यांनी १९७८ साली दाखविले. तेव्हापासून जिथे चुकीचा संशय अधिक तिथल्या त्रिकोणाचे पोटहिस्से पाडावेत, आणि जिथे काही घडत नाही तिथले तुकडे पुन्हा एकत्र करावेत, ही रीत रूढ झाली. पुराची धार पुढे सरकते तशी दाट वीण तिच्या पाठोपाठ सरकते. जणू डोल जाळ्याची पिशवी स्वतःहून मासळीमागे पोहत निघावी. यात अडचणीची जागा लोंबत्या गाठीची: एक त्रिकोण विभागला आणि शेजारचा नाही, तर नवी गाठ शेजाऱ्याच्या बांधाच्या मध्यावर लोंबत राहते. सरळ उताराच्या गणितात तिचे मूल्य दोन टोकांच्या सरासरीला बांधून ठेवावे लागते. न बांधल्यास चित्रातल्या पाण्याच्या पृष्ठभागाला भेग पडते.

तिसरी जात पुनर्मोजणीची. गाठी सरकता सरकता त्रिकोण सुईसारखे चिंचोळे झाले, की सारी जाळी मोडून नवी घालावी लागते. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने जिथे जुने सर्व्हे क्रमांक जाऊन नवे गट क्रमांक आले, तिथल्या शेतकऱ्याला या प्रसंगाची ओळख निराळी करून द्यावयास नको. जुन्या उताऱ्यावरील क्रमांक नव्या नकाशात शोधीत बसणे म्हणजे काय, हे त्याने तलाठ्याच्या चावडीवर अनुभविलेले असते.

प्रश्नाचे मर्म येथेच आहे. गणिताची फळे साठविण्याच्या अनेक जुन्या रीती अशा गृहीतावर उभ्या होत्या, की नकाशा एकदा काढला की कायमचा, त्यानंतर फक्त पीकपाणी लिहीत जावे. जाळी बदलू लागताच हे गृहीत कोसळते. पाचशेव्या गाठीवरचे कालचे पाणी आणि आजचे पाणी ही दोन निरनिराळ्या जागांची असू शकतात. उपाय खर्चिक, पण सरळ आहे: दर क्षणाच्या मूल्यांबरोबर त्या क्षणाची जाळीही जतन करावी आणि कोणत्या वेळेचा कागद कोणता, याची एक अनुक्रमणिका ठेवावी. पाश्चात्त्य देशांत २००० च्या सुमारास सिद्ध होऊ लागलेला पॅराव्ह्यू हा मोफत दर्शक अशी अनुक्रमणिका वाचून चलच्चित्र दाखवितो. आणि पोटहिश्शांच्या गणितासाठीच रचलेल्या, २००७ साली विल्किन्सन पारितोषिक मिळविलेल्या डील-टू या आज्ञासंग्रहातून तशी अनुक्रमणिका लिहिता येते.

जुन्या जाळीवरचे उत्तर नव्या जाळीवर उतरविताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. भूमापन खाते पोटहिस्से पाडते तेव्हा आकारफोड, म्हणजे शेतसाऱ्याची विभागणी, करते, आणि सर्व पोटहिश्शांच्या आकाराची बेरीज मूळ क्रमांकाच्या आकाराशी पैपर्यंत जुळली पाहिजे, असा तिथला दंडक आहे. संगणकातही हाच दंडक हवा. निव्वळ गाठींवरून अंदाज बांधून मूल्ये उतरविली, तर प्रत्येक फेरफारात थोडेथोडे पाणी हरवते किंवा कोठूनसे उत्पन्न होते, आणि शंभर फेरफारांनंतर खाडीचा हिशेब लागत नाही.

दर्शनाचे दोषही थोडे नाहीत. प्रत्येक चौकटीत रंगांची मोजपट्टी आपोआप बदलू दिली, तर पूर ओसरत असतानाही पडद्यावरचा लाल रंग तसाच भडक राहतो. म्हणून आरंभापासून अखेरपर्यंत पट्टी एकच असावी. दोन क्षणांच्या मधले चित्र आपल्या मनाने भरून काढण्याची संगणकाची सवय जाळी बदललेली असेल तिथे आवरावी, कारण ज्या गाठींमध्ये सांधा जोडायचा त्यांतली एक जन्मलेलीच नसते. स्थळ निश्चित असेल, उदाहरणार्थ नायगाव आणि भाईंदर यांच्या मध्ये खाडीत वसलेले पाणजू बेट, तर तिथल्या अक्षांश-रेखांशावर मूल्य काढून त्याचा काळाप्रमाणे आलेख काढावा. गाठीच्या क्रमांकाच्या नादी लागू नये.

पण सर्वांत मोठा दोष सौंदर्याच्या नावाखाली चालतो. जाळीच्या रेघा डोळ्यांना खुपतात, म्हणून त्या पुसून वरून मऊ रंगांचा लेप देतात, आणि मग पन्नास मीटरांच्या आसाने धरलेले पाणी आणि दोन मीटरांच्या आसाने धरलेले पाणी ही दोन्ही सारख्याच अधिकाराने निळी दिसू लागतात. वस्तुतः पन्नास मीटरांच्या आसातून तीन मीटरांचा नाला असा निसटून जातो, की तो मुळात होताच हे कोणाच्या लक्षातही येऊ नये. आणि वसईत पाणी कोणाच्या घरात शिरणार आणि कोणाच्या नाही, याचा निकाल बहुधा असा एखादा नालाच लावतो. रंग उत्तर सांगतो. त्या उत्तरावर किती विसंबावे हे रेघा सांगतात.

म्हणून उद्या कोणी आपल्या गल्लीचा पूरनकाशा आपणांपुढे ठेवला, तर निळ्या रंगाकडे पाहण्यापूर्वी दोन गोष्टी मागून घ्याव्यात: आपल्या दारासमोरचा आस किती मोठा होता, आणि रात्रीच्या भरतीला उघाडी मिटली तेव्हा तिथली जाळी कशी होती. उताऱ्याबरोबर फेरफाराची नक्कल मागणे आपल्याकडील शेतकऱ्यास नवे नाही, आणि जाळे विकत घेण्यापूर्वी त्याचा आस बोटांनी ताणून पाहणे कोळ्यासही नवे नाही.