ऑपरेशनआधीचे चार आठवडे

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरचे रुग्णाला अंथरुणावरून उठू देत नाहीत. माया खरी, पण अंगातली ताकद त्यानेच जाते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या ७७ रुग्णांवरच्या अभ्यासात (२०१४) एका गटाला ऑपरेशनआधी सुमारे चार आठवडे व्यायाम, प्रथिनांची पावडर आणि मन शांत करण्याचे धडे दिले. दुसऱ्याला हेच सगळं नंतर. ऑपरेशननंतर आठ आठवड्यांनी सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत पहिल्या गटातले ८४ टक्के रुग्ण पूर्वपदावर होते, दुसऱ्यातले ६२.

ऑपरेशननंतर पोटावर मल गोळा करणारी पिशवी लागणार असेल, तर तिची जागा रुग्णाला उभं करून, बसवून, वाकवून आधीच आखून घ्यावी. निऱ्या खोचतात किंवा पट्टा येतो, ती जागा टाळावी. रिकामी पिशवी एकदा हातात घेऊन पाहिलेली बरी.